लेव्हलमास्तरची गादी

आमचा धाकटा भाऊ फरशी बसवतो. साइटवर त्याला सगळे लेव्हलमास्तर म्हणतात, कारण सपाटी बघायची बुडबुड्याची छोटी पट्टी खिशात असल्याशिवाय तो घराबाहेर पडत नाही. कुणाकडे जेवायला गेला तरी आधी टेबलावर पट्टी ठेवतो. यजमानांचं तोंड वाकडं होतं, याला पत्ताच नसतो. बुडबुडा मधोमध आला की मगच जेवतो, गाढव.

कंबर धरली तेव्हा त्यानं कुणाला सांगितलं नाही. भावजयीचाच फोन आला, "ताई, तुम्ही या बाई. मी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी." जाऊन बघते तर हा उघड्या फरशीवर आडवा. खाली साधी चादर नाही.

"हे काय रे?"

"ही फरशी मी बसवलीय, ताई. याच्याहून सपाट अंथरूण जगात मिळायचं नाही."

खालचा भराव मऊ राहिला की वरची फरशी तडकते. तेव्हा मऊ गादीवर पाठ टाकली की पाठही तडकणार, असा त्याचा हिशेब. जन्मभर फरशीशीच बोलत बसल्यावर माणसाचं दुसरं काय होणार!

मग तो उठला. आधी कुशीवर, मग गुडघ्यांवर, मग भिंतीला हात लावत लावत वर. चेहरा पांढराफटक. आमचे वडील, अण्णा, तेही फरशीवालेच. एका सकाळी ते असेच भिंत धरून उठायला गेले आणि उठलेच नाहीत. पुढची सगळी वर्षं त्यांनी पलंगावर काढली, आणि त्यांची कूस बदलायला मी होते. तेव्हा हा शाळेत जायचा, याला काय माहीत! मी मात्र अण्णांच्या त्या खोलीला अजून घाबरते. रागावलं की माझी भीती जरा कमी होते, म्हणून मी रागावले.

"चप्पल घाल. गादी घ्यायला चल. आत्ता."

"बूट पायातच आहेत ताई, आत्ताच कामावरून आलोय."

"मग बुटासकट चल!"

वाटेत त्याचा उजवा पाय दोनदा फुटपाथला अडखळला. खाली बघून चाल म्हणून मी ओरडले.

दुकानातल्या बाई भल्या होत्या. आमचे साहेब एकेका गादीवर बोटांच्या पेरांनी टकटक करून कान लावायला लागले, तरी त्या हसल्या नाहीत.

"काय ऐकताय, दादा?"

"पोकळ वाजतेय का ते."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. शेवटी पट्टी काढून, बुडबुडा जुळवून त्यानं सगळ्यात टणक गादी पसंत केली. दारं बनवावीत अशी. "हीच," म्हणाला.

"आधी झोपून तर बघा," बाई म्हणाल्या. "पायांकडे प्लास्टिक घातलंय, बूट असू देत." तो उताणा झोपला. बाईंनी आपला तळहात त्याच्या कमरेखालून सरकवला, तो सरळ आरपार गेला. "बघा, गादी खांद्यांना लागली, बुडाला लागली. कमरेला आधारच नाही."

त्याचा चेहरा बदलला. "म्हणजे खाली पोकळ?"

"पोकळच की."

खाली पोकळ राहिलेल्या फरशीचं काय होतं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. "काढा ही," तो म्हणाला.

दुसरी इतकी मऊ की कंबर झोळीसारखी खाली गेली. तिसरी मधली. बाईंनी त्याला कुशीवर वळवलं आणि पाठीवरून बोट फिरवून मला दाखवलं. खांदा जरासा आत गेला होता आणि मणका मानेपासून खालपर्यंत सरळ होता. उताणं केल्यावर हातही आरपार जाईना. "लगेच हो म्हणू नका, दादा. थोडा वेळ पडून राहा. पाठ लगेच खरं बोलत नाही."

तो पडून राहिला. कितीतरी दिवसांनी त्याच्या कपाळावरची आठी गेली. "ताई, दुखत नाहीये गं," लहान पोरासारखा म्हणाला. मी हुश्श केलं. देव पावला म्हणायचा!

"आता बूट काढून पाय मोकळे सोडा," बाई म्हणाल्या. त्याला वाकवेना, म्हणून मी उजव्या बुटाची नाडी सोडली आणि बूट ओढला.

मोजा रक्तानं भिजलेला होता.

बुटात फरशीची कपची पडली होती. चांगली धारदार. दिवसभर तिच्यावर उभा राहून यानं काम केलं होतं आणि ती तळव्यात रुतली होती. दात आवळून मी ती उपसून काढली. त्यानं हूं की चूं केलं नाही. छताकडे बघत म्हणाला, "काढलास का बूट?"

"तुला कळत नाहीये?"

त्यानं मान उचलून रक्त बघितलं. मग माझ्याकडे. "आधी मुंग्या यायच्या गं. नंतर थांबल्या. मला वाटलं, बरं होतंय."

बाईंनी स्वच्छ फडकं आणून पाय बांधला. "गादी कुठं पळून जात नाही," त्या म्हणाल्या, "आधी हॉस्पिटल." आणि स्वतः रस्त्यावर जाऊन गाडी थांबवली. गाडीत मी त्याला एकदाही रागावले नाही. त्यामुळे तो जास्तच घाबरला.

डॉक्टरीणबाईंनी त्याला टेबलावर झोपवलं. "डोळे मिटा. टोचलं की हो म्हणायचं." त्या गुडघ्यापासून सुरू झाल्या.

"हो."

नडगीवर आल्या. "हो."

घोट्याला तो गप्प राहिला. पावलाला गप्प. मी सुई बघत होते, तो मिटल्या डोळ्यांनी वाट बघत होता. त्याच्या कपाळावर घाम आला. बराच वेळ काही लागेना, तेव्हा तो घाईघाईनं म्हणाला, "हो. हो. आता अंगठ्याला."

डॉक्टरीणबाईंनी सुई केव्हाच ट्रेमध्ये ठेवली होती.

"डोळे उघड रे," मी म्हणाले. त्यानं उघडले. डॉक्टरीणबाईंचे रिकामे हात बघितले. "चुकलं का, ताई?"

मणक्यातली गादी सरकून नस दाबली गेलीय, ऑपरेशन आजच करायला हवं, डॉक्टरीणबाई सांगत होत्या. पावलात किती जीव परत येईल ते आत्ता सांगता येणार नाही. मी मान हलवत होते. त्याचं ते बांधलेलं पाऊल मी दोन्ही हातांत गच्च धरून उभी होते, बोटं पांढरी होईपर्यंत.

तो छताकडे बघत होता. "ताई," तो म्हणाला, "मला खूप भीती वाटतेय. जरा पाय धरतेस का माझा?"