काकांच्या होडीचं नाव

परवा जेटीवर ऑइलपेंटचा वास आला आणि कॉलेजातला तो दिवस आठवला. शेजारच्या दामूकाकांनी नवी होडी घेतली होती. "बाला, भारीतलं इंग्रजी नाव सांग," म्हणाले. मी गंमत म्हणून हल्ली फारसं कुणी वापरत नाही असा एक जुना शब्द दिला, 'फॉरलॉर्न', आणि अर्थ सांगितला, शूरवीर. खरा अर्थ, सगळ्यांनी टाकलेला, एकाकी. काकांनी ते नाव हौसेनं पिवळ्या रंगात लिहून घेतलं आणि नारळ मला फोडायला लावला.

परवा काका तीच अक्षरं पुन्हा रंगवत होते. काकी गेल्या, मुलगे मुंबईला. "आता एकटाच हाय मी," ते हसले, "पण शूरवीर भितो काय कधी?"

मी रंगाचा डबा धरून उभा राहिलो. खरा अर्थ याही वेळी सांगता आला नाही.