पत्रिकेवरचं ‘डॉ.’

जुळे सोलापुरात नवा आलेला पोस्टमन निंगप्पा हा बिराजदार गुरुजींच्या घरासमोर गाडी बंद करून उभा राही, कारण पाटी वाचून व्हायला तेवढा वेळ लागे. नावामागे एम.ए., मग एम.एड., मग शालेय व्यवस्थापनाची पदविका, पत्रकारितेची पदविका, योगाचं प्रमाणपत्र, असं होत होत पाटी दुसऱ्या ओळीत उतरली होती. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक. लोकांना ठरावीक काळानं चष्म्याचा नंबर बदलावा लागतो, तशी त्यांना नवी पदवी लागायची. अभ्यास मात्र ते मनापासून करत, हे त्यांच्या शत्रूनंही कबूल केलं असतं. फक्त एवढ्या वर्षांत त्यांना शत्रू काही मिळाला नव्हता. सगळी कमाई अशी नावाच्या मागे साठलेली. नावाच्या पुढे काहीच नाही, हे त्यांना दिवाळीपर्यंत कधी टोचलं नव्हतं.

दिवाळीत त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, अंकिताचं लग्न ठरलं. सोयरे लातूरचे. व्याही डॉक्टर, विहीणबाई डॉक्टर, जावई दातांचे डॉक्टर. माणसं साधी, बोलायला गोड. पण त्यांनी पत्रिकेचा कच्चा मसुदा मोबाइलवर पाठवला आणि घोळ झाला. एका बाजूला तीन ‘डॉ.’ एकाखाली एक उभे होते आणि दुसऱ्या बाजूला गुरुजींचं एकटं ‘श्री.’ होतं. दोन बोटांनी मसुदा मोठा करकरून गुरुजी बराच वेळ बघत बसले. लग्न वैशाखात होतं. तोवर नावापुढे ‘डॉ.’ लागलंच पाहिजे, असं त्यांनी ठरवून टाकलं. त्यांच्या बायकोला, महानंदाबाईंना, ते चार दिवसांनी कळलं. त्या म्हणाल्या की लोक पत्रिका तारीख आणि हॉल बघायला वाचतात. गुरुजींनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

साधा कुकर घ्यायचा तरी सोलापुरातली सगळी दुकानं पालथी घालणारा हा माणूस. पीएचडी तर तोलून मापून घ्यायलाच हवी होती. फ्रिजवर तक्ता चिकटला. ऑनलाइन पीएचडी देणाऱ्या परदेशी विद्यापीठांची नावं उभी, आणि आडवे क्रेडिट, मुदत, प्रबंध असे रकाने. एक विद्यापीठ साठ क्रेडिट मागत होतं, दुसरं चोपन्न, तिसरं चाळीस. आपल्या इथल्या विद्यापीठाचा आकडा बघून तर गुरुजी चाटच पडले. सुरुवातीच्या अभ्यासक्रमाला बारा-चौदा क्रेडिट, बास. म्हणजे आपली पीएचडी सगळ्यात हलकी, असा निष्कर्ष काढून त्यांनी तिच्यावर काट मारली.

रविवारी अंकितानं तो तक्ता वाचला आणि कपाळावर हात मारला. ती बँकेत नोकरीला, कागद नीट वाचायची सवय. तिनं समजावून सांगितलं की क्रेडिट म्हणजे वर्गात बसल्याचा हिशेब. आपल्याकडे आधी प्रवेश परीक्षा, मग मुलाखत, मग ते क्रेडिट, आणि खरं काम त्यानंतर. किमान तीन वर्षं संशोधन, प्रबंध आणि शेवटी तोंडी परीक्षा. बाहेरची काही विद्यापीठं प्रबंधही क्रेडिटमध्येच मोजतात, म्हणून तिथले आकडे फुगलेले दिसतात. त्यामुळे नुसता आकडा आकड्याशेजारी ठेवून काही कळत नाही. आणि मुख्य म्हणजे, परदेशी पीएचडी अशी घरबसल्या घेतली तर तिला आपल्याकडे मान्यताच नाही.

गुरुजी म्हणाले, “पत्रिकेला कोण मान्यता विचारतंय?”

वडिलांच्या तोंडून असं वाक्य अंकितानं पहिल्यांदाच ऐकलं होतं, आणि गुरुजींनाही ते स्वतःचं वाटलं नाही.

तरी त्यांनी चाळीसवाल्या विद्यापीठाला फोन लावलाच. पलीकडची मुलगी साखरेच्या पाकात घोळून बोलत होती. तिनं सांगितलं की त्यांच्याकडे आयुष्यातल्या अनुभवालाही क्रेडिट मिळतात, तेवढे वजा होतील आणि चार महिन्यांत पदवी घरपोच येईल. गुरुजींना हे फार आवडलं. आपल्या अनुभवाचं मोल शेवटी कुणीतरी जाणलं, असं वाटून त्यांचा आवाजच बदलला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते लॅपटॉप घेऊन ओट्यापाशी बसले. महानंदाबाई भाकरी थापत होत्या. गुरुजींनी जनगणना लिहिली, निवडणूक ड्यूटी लिहिली, पल्स पोलिओ लिहिला. प्रत्येक ओळ पाठवली की पलीकडून लगेच क्रेडिट यायचे. मग गंमत म्हणून त्यांनी ‘तीस वर्षांचे गृहव्यवस्थापन’ असं टाकलं. मिनिटभरात सहा क्रेडिट आले.

महानंदाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. “ते सहा माझे हायती. भाकरी मी थापायची आन् डाक्टर तुमी व्हायचं व्हय?”

गुरुजी हसले. पण हसता हसता त्यांच्या ध्यानात आलं की याच हिशेबानं गेलं तर या घरात आधी महानंदाबाई डॉक्टर होतील, शेजारच्या चंद्रव्वा त्यांच्याही आधी होतील, आणि तिघांपैकी एकालाही एक पान अभ्यास करावा लागणार नाही. एवढ्या वर्षांत अभ्यास न करता त्यांनी साधं प्रमाणपत्रसुद्धा घेतलं नव्हतं. त्यांना त्या सहा क्रेडिटांची लाज वाटायला लागली.

महानंदाबाईंनी पदराला हात पुसले आणि त्या लॅपटॉपमध्ये डोकावल्या. “आन् खरं काम तेवढं लिवलंच न्हाय की. अक्कलकोटाकडं खेड्यात व्हतो आपण, तवाची ती पोरं? घरात कानडी आन् साळंत समदं मराठी. ती सिद्धेश्वरी आठवती का? आठवडाभर दाराची चौकट धरून रडत हुती. तुमी तिला कानडीत बोलला, तवा आत आली.”

गुरुजींना लख्ख आठवलं. पहिलीत येणारं प्रत्येक पोर मराठीच्या भीतीनं दारात थिजायचं. गुरुजी उठून दाराशी जात आणि म्हणत, “बा, कूड. हेदरब्याड.” ये, बस, घाबरू नको. पुढचे काही महिने धडा आधी कानडीत, मग दोन्हीची मिसळ, आणि पाडव्यापर्यंत पोरं मराठीत भांडायला लागलेली असत. हे सगळं कसं होतं, कुठलं पोर कुठं अडतं, याचा विचार त्यांनी वीस वर्षं रोज केला होता. त्याला संशोधन म्हणतात हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी लॅपटॉप मिटला, फ्रिजवरचा तक्ता काढला, आणि आपल्या इथल्या ज्या विद्यापीठावर काट मारली होती त्याचंच नाव कोऱ्या कागदावर लिहिलं.

पत्रिका साखर पेठेतल्या छापखान्यात गेली ती ‘श्री.’ घेऊनच. थोडं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण गुरुजी तोवर प्रवेश परीक्षेच्या तयारीला जुंपले होते. पोरीच्या वयाच्या उमेदवारांत बसून त्यांनी ती दिली आणि पासही झाले. मुलाखतीचं पत्र नेमकं पत्रिका वाटायच्या दिवसांत आलं. पिशवीत एका बाजूला ‘घरात कानडी, शाळेत मराठी’ या विषयाची टिपणं आणि दुसऱ्या बाजूला पत्रिकांचा गठ्ठा, अशा अवस्थेत ते विद्यापीठात पोचले.

नाव पुकारल्यावर ते दारापर्यंत गेले आणि तिथंच त्यांचे पाय अडले. आत लांबलचक टेबल, पलीकडे चार प्राध्यापक. साऱ्या जन्मात हजार पोरांना त्यांनी दारातून आत आणलं होतं, पण स्वतः असे दारात कधी अडकले नव्हते. हात आपोआप चौकटीवर गेला.

टेबलाच्या टोकाला बसलेल्या बाई उठून उभ्या राहिल्या. “बर्रि गुरुजी, कूड्रि,” त्या म्हणाल्या. “हेदरब्याड्रि.”

गुरुजींनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांच्यापुढच्या पाटीकडे. डॉ. सिद्धेश्वरी, असं नाव होतं. त्यांनी चौकट सोडली आणि ते आत जाऊन बसले.

सिद्धेश्वरीबाईंनी अध्यक्षांना सांगितलं की हे माझे पहिलीचे गुरुजी, तेव्हा गुण तुम्हीच द्या. प्रश्न मात्र त्यांनी सगळ्यांत अवघड विचारले. गुरुजींनी उत्तरं दिली, एकदा अडखळले, पुन्हा दिली. आठवड्यानं यादी लागली, तीत त्यांचं नाव होतं.

पण ते नंतरचं. मुलाखत संपली, सगळे पांगले, तेव्हा गुरुजी व्हरांड्यात सिद्धेश्वरीबाईंसाठी थांबले. त्या आल्यावर त्यांनी पिशवीतून अंकिताची पत्रिका काढली, कठड्यावर टेकवली आणि पेन उघडलं. पाकिटावर सिद्धेश्वरीचं नाव घालण्याआधी त्यांनी आपल्या घोटीव अक्षरात ‘डॉ.’ लिहिलं. अक्षर फार सुरेख आलं होतं. त्यांनी शाई वाळू दिली आणि मग पत्रिका दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली.