दगडावरचा हिरडा

एका खड्ड्याच्या कडेला उभा केलेला वीतभर दगड माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. आठवला की राग येतो, आणि त्यातला अर्धा राग माझ्यावरचाच आहे. परवा फोनवर थोरल्या नातीने विचारलं, "आजी, तू कधी चुकीच्या माणसाला पकडलंस का?" या प्रश्नाचं उत्तर फोनवर देता येत नाही, म्हणून लिहिते आहे. तुम्ही दोघं नातवंडं नळ फिरवला की पाणी येतं अशा घरात वाढलात. ही गोष्ट नळाच्या पाण्याची आहे. नाव कुणाचंच देणार नाही, गावाचंही नाही.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. मी सहायक पोलीस निरीक्षक म्हणून आंबेगाव तालुक्यातल्या एका ठाण्याची प्रभारी होते. गाव पेठच्या पुढे, पुणे–नाशिक रस्त्यापासून थोडं आत. गाव म्हणायचं, पण वळण शहराचं घेत होतं. रस्ता डांबरी झाला होता, एसटी स्टँडला पत्रे चढले होते, एका मुसलमान कुटुंबाचं वेल्डिंगचं दुकान जोरात चाललं होतं, मारवाड्याच्या किराणा दुकानात फोनचं डबडं बसलं होतं. सोमवारच्या बाजाराला डोंगराकडून ठाकर बायका करवंदं आणि रानभाज्या घेऊन यायच्या. वरच्या आळीत जुनी जमीनदार शेतकरी घरं. ओढ्यापलीकडे बौद्धवस्ती. तिथली माणसं छप्पन सालानंतर धम्मात आलेली; कुणी शिक्षक, कुणी पोस्टात, बाकीची शेतीवर.

त्या वर्षी गावाला नळपाणी योजना मिळाली. टाकीला उंच जागा हवी होती आणि उंच गायरान होतं ते वस्तीच्या मागच्या टेकाडावर. त्यामुळे टाकीतून निघालेली पाइपलाइन आधी वस्तीतून जायची, ओढा ओलांडायची, मग मारुतीच्या देवळावरून वरच्या आळीला पोचायची. उतार तसाच होता. पाणी उताराने वाहतं, एवढंच त्यात होतं. वरच्या आळीला मात्र त्यात आणखी काही दिसत होतं. दोन वेळा लाइन फिरवून मिळावी म्हणून त्यांनी अर्ज केले आणि दोन्ही वेळा इंजिनिअरने नकार दिला. मी नवीन होते. मला ते अर्ज म्हणजे नेहमीची कटकट वाटली.

गावच्या जत्रेचा दिवस होता. सगळं गाव घाटात, म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतीच्या धावपट्टीवर. ठाण्यात एक हवालदार ठेवून आम्हीही बंदोबस्ताला घाटातच. संध्याकाळी परतलो तर सरपंच ठाण्यात बसलेले. ओढ्याकाठी, वस्तीच्या हद्दीला लागून, कुणीतरी खड्डा खणून मुख्य पाइप फोडला होता. टाकी रिकामी झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः पंचनामा केला. मी शिकले इंग्रजी शाळेत. पंचनाम्याची मराठी मला शिकवली ठाण्यातल्या एका जुन्या हवालदाराने. तो म्हणायचा, "डोळ्याला दिसंल ते समदं लिवायचं, मॅडम. अर्थ लावायला कोर्ट बसलंय." मी तसंच लिहिलं. खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली. पाइपवरचे घाव. कडेला उभा केलेला वीतभर दगड, त्यावर हळदीची पाच बोटं, कुंकवाची पाच बोटं, पायाशी एक वाळलेले फळ. पंच म्हणून किराणावाल्या शेठजींनी आणि एका शिंप्याने सह्या केल्या. कागद नेटका झाला. मला नेटक्या कागदांचा अभिमान होता.

दुपारी पोलीस पाटील आले. गावातली खबर ठाण्याला देणं हे त्यांचं कामच. खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाले, "बाई, म्या माझ्या डोळ्यांनी बघितलं. जत्रेला निघालो तवा वस्तीतलं त्ये आयटीआयवालं पोरगं कुदळ खांद्यावर टाकून ओढ्याकडनं येत व्हतं. लई शिकलंय ना. पाण्याच्या अर्जावर समद्यात आधी सही त्याचीच असतीय."

मी त्याला आणायला गाडी पाठवली. तेवीस-चोवीस वर्षांचा, शर्ट खोचलेला, हाताच्या बोटांत ग्रीस. कुदळ घेऊन निघालो होतो हे त्याने नाकारलं नाही. वस्तीत विहाराचं बांधकाम निघालं होतं, त्याचा पाया खणायला तो जात होता. "जत्रंला आमचं काय काम, मॅडम? सुट्टी व्हती, म्हणून पाया घेतला."

"कोणी पाहिलं तुला पाया खणताना?"

"समद्या वस्तीनं."

तोच जुना हवालदार हसला. "वस्ती काय तुझ्या इरोधात बोलनार हाय व्हय, राव?" आणि त्याने त्या मुलाच्या कानाखाली वाजवली. मी समोरच्या कागदाकडे पाहत राहिले. त्या क्षणी मी कुठे पाहत होते हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

सरपंचांच्या फिर्यादीवरून सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हा दाखल होता. त्याला अटक केली. कोर्टाने दोन दिवसांची कोठडी दिली. त्याच दिवशीच्या टपालात एक चारित्र्य पडताळणीचा फॉर्म होता. एका सरकारी कारखान्यात फिटरच्या जागेवर एका उमेदवाराची निवड झाली होती. त्याच्याविरुद्ध काही गुन्हा आहे का, हे ठाण्याने कळवायचं होतं. नाव वाचलं. माझ्या कोठडीत बसलेला तोच. आठ दिवसांत अहवाल आणि त्यानंतर लगेच रुजू होण्याची तारीख. त्याच्या घराण्यातली ती पहिली सरकारी नोकरी होती.

दुसऱ्या एखाद्या ठाण्यात तो फॉर्म महिनाभर फायलीखाली पडला असता. माझ्या टेबलावर संध्याकाळपर्यंत कागद राहत नसे. मी लिहिलं: गुन्हा दाखल, आरोपी अटकेत. सही, शिक्का, आणि पाचच्या टपालाने रवाना. ते करताना मला समाधानसुद्धा वाटलं.

कोठडीच्या दुसऱ्या दिवशी मी त्याला समोर बसवून पंचनामा मोठ्याने वाचू लागले. प्रत्येक मुद्द्यावर त्याचं म्हणणं घ्यायचं, ही माझी पद्धत. खड्डा, घाव, माती, तो मान खाली घालून ऐकत होता. दगडापाशी त्याने मान वर केली.

"मॅडम, त्ये परत वाचा."

मी वाचलं. हळदीची पाच बोटं, कुंकवाची पाच बोटं, एक वाळलेले फळ.

"आमच्या आजानं देव नदीत सोडले छप्पन साली. तवापास्नं आमच्या घरात कुणी दगड पुजला न्हाई. परवा विहाराचा पाया घेतला, तिथं जाऊन बघा. पंचशील म्हटलं आन् पहिला घाव घातला. दगुड बी न्हाई, नारळ बी न्हाई." मग कागदाकडे बोट करून म्हणाला, "तुमीच लिवलंय, मॅडम. तुमच्याच हातचं हाय."

हवालदार म्हणाला, "दगड काय, कुठं बी असतोय." पण त्याचा आवाज आदल्या दिवसाचा नव्हता. मी हवालदाराला घेऊन बाहेर पडले. आधी विहाराच्या पायाशी गेलो. चुन्याची रेघ, ताणलेली दोरी, कमरेइतका चर. दगड नाही, कुंकू नाही. एक म्हातारी घमेलं घेऊन उभी होती, त्या मुलाची आजी. आम्हाला पाहताच ती घमेलं खाली ठेवून पाठ फिरवून बसली.

तिथून आम्ही पाइपलाइनच्या बाजूने चालत टाकीपर्यंत गेलो. आठवड्यापूर्वी व्हॉल्व्हपाशी गळती काढायला खणलेला एक खड्डा अजून बुजवला नव्हता. त्याच्या कडेला दगड होता. वीतभर, उभा केलेला. हळदीची पाच बोटं, कुंकवाची पाच बोटं. पायाशी तेच वाळलेलं फळ. हवालदाराने उचलून वास घेतला.

"हिरडा हाय, मॅडम. ह्याला फळ काय म्हणता? लोक सुपारी ठेवतात. हिरडा ठिवणारा गावात एकच. त्याची आजोळची माणसं भीमाशंकराकडची, तिकडनं पिशव्या भरून आणतोय." नाव सांगायच्या आधी तो खाली बसला.

तो एकच म्हणजे ग्रामपंचायतीचा नळवाला. योजनेचा प्रत्येक चर त्याच्या देखरेखीखाली खणलेला. पंचावन्नचा, पांढरी टोपी, गावात सगळे त्याला मान द्यायचे. पंचायतीच्या ऑफिसातच मी त्याच्यासमोर बसले.

"काका, जत्रेला घाटात होता?"

"व्हतो की. समदा गाव व्हता."

"पहिला गाडा कुणाचा आला?"

त्या भागात ज्याला पहिला गाडा कुणाचा आणि किती सेकंदांत आला हे सांगता येत नाही, तो माणूस घाटात नव्हता. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. मी दोन्ही हिरडे टेबलावर ठेवले.

त्याने एक हिरडा उचलून पाहिला. मग तो म्हणाला, "बाई, धरणीला इचारल्याबिगर घाव कसा घालायचा? पाप लागतंय."

"आणि त्या मुलावर केस झाली, ते?"

"त्ये मला म्हाईत नव्हतं. मला निस्तं म्हणले, वस्तीपाशी लाइन तोड. एकदा तोडली की सरकार म्हणंल, हितं लाइन टिकत न्हाई, फिरवा. वरच्या आळीतल्या बायका पाणी भरंनात. पाणी त्यांच्या दारावरनं आपल्याकडं येतंय, उष्टं हाय, म्हणले."

कोण म्हणालं, हेही त्याने सांगितलं: सरपंच. मी जबाब लिहून घेतला आणि वाचून दाखवला. त्याने अंगठा नव्हे, सही केली.

जमिनीची परवानगी घेणारा माणूस न विचारता शेजारच्या मुलाचं आयुष्य खणून ठेवतो. माझा सगळ्यात जास्त राग मात्र त्याच्यावर नाही. पुढच्या दिवशी सरपंच वीस माणसं घेऊन ठाण्यात आले. पदवीधर माणूस, बोलणं मऊ. खुर्चीत बसून चहा मागवल्यासारखं म्हणाले, "मॅडम, गावाचं गावात राहू द्या. पोराच्या नोकरीचं काय एवढं? आपण कुठंतरी चिकटवू त्याला. तुम्ही बदलीवाली माणसं, उद्या जाल. आम्हाला एकत्र राहायचंय."

"एकत्र?" मी विचारलं. "आणि त्यांच्या दारावरून आलेलं पाणी चालत नाही?"

ते हसले. "तुम्ही फार शिकलेल्या आहात, बाई."

त्या मुलाला मी त्याच दिवशी सोडण्याचा अहवाल कोर्टात दिला. दुसऱ्या अहवालावर, की त्याच्यावरचा आरोप खोटा आहे आणि उमेदवाराचं चारित्र्य स्वच्छ आहे, वरच्या साहेबांची सही व्हायला दहा दिवस गेले; मग टपालात न टाकता मी तो स्वतः पुण्याला घेऊन गेले. दोन ऑफिसं, तीन मजले. खिडकीतल्या कारकुनाने रजिस्टर उघडलं. पहिला अहवाल वेळेत पोचला होता. फार वेळेत. त्यावरून निवड रद्द झाली होती आणि प्रतीक्षा यादीतला पुढचा उमेदवार आदल्या दिवशी रुजू झाला होता. कारकून म्हणाला, "मॅडम, तुमच्या ठाण्याचं काम फार चोख असतं."

त्या मुलाविरुद्धच्या खोट्या फिर्यादीचा तपास बंद करताना 'ब' वर्गाचा अहवाल जातो, म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी. मी तसाच पाठवला. सरपंचांविरुद्ध ॲट्रॉसिटीचं कलम लावण्याचा प्रस्तावही सोबत जोडला. वरच्या साहेबांनी दोन्ही परत पाठवले. 'क' वर्ग लिहा, म्हणजे खरी नाही आणि खोटीही नाही, गैरसमजातून झालेली. गावात शांतता महत्त्वाची. मी पुन्हा 'ब' लिहून पाठवलं. तीन महिन्यांत माझी बदली झाली आणि माझ्यानंतर आलेल्याने 'क' लिहिलं. पाइप फोडल्याबद्दल नळवाल्यावर वेगळी केस होऊन त्याला दंड झाला, तो पंचायतीने भरला. आणि लाइन फिरवली. शांततेसाठी. टेकाडाला वळसा घालून ती आधी वरच्या आळीत गेली आणि तिथून उरलेलं पाणी शेवटी वस्तीत. ज्या कामासाठी गुन्हा केला, ते काम सरकारी खर्चाने पूर्ण झालं.

काही वर्षांनी, दोन हजार सालानंतर, मी निवडणुकीच्या बंदोबस्ताला पुन्हा त्या गावात गेले. रस्त्याकडेला मोटार रिवाइंडिंगचं दुकान दिसलं. तोच मुलगा, आता पोट सुटलेला, समोर उघडी मोटार. मला ओळखलं. स्टूल पुसून दिलं. मी गाडीतून उतरतानाच ठरवलं होतं की माफी मागायची. मागितली. त्याने ऐकून घेतलं. "असू द्या" म्हणाला नाही, आणि ते बरं झालं.

"ही कुणाची मोटार?" मी विचारलं.

"गावाच्या पाण्याची. फिरवलेल्या लाइनीला चढ पडला ना, मधी मोटार बसवावी लागली. दोन महिन्याला जळती. तालुक्यात दुसरा कोण एवढ्या लवकर दुरुस्त करीत न्हाई. सरपंच सोता सोडून गेले सकाळी."

"आणि तू करतोस?" माझा आवाज चढला होता. "त्यांचं?"

त्याने तारेचं टोक दातात धरलं होतं, ते काढून बाजूला ठेवलं. "मॅडम, मोटार जळली तरी वरच्या आळीला करंगळीएवढी धार येतीया. आमच्याकडं थेंब येत न्हाई."

आणि तो पुन्हा कामाला लागला.

मुलांनो, या प्रकरणाने मला काय शिकवलं, ते सांगायला हवं. आपण लिहिलेलं आपणच पुन्हा वाचावं. ज्या वस्तूचं नाव माहीत नाही, ती 'वाळलेले फळ' अशी लिहून मोकळं न होता शेजारच्याला विचारावं. मी त्या दिवशी विचारलं असतं, तर हवालदाराने मला 'हिरडा' म्हणून सांगितलं असतं आणि पाचच्या टपालात तो कागद गेला नसता. मी ते नंतरच्या प्रत्येक ठाण्यात पाळलं. पण बोध घेतल्याने राग कमी होत नाही. त्या दुकानातून परतताना मी गाडी फिरवलेल्या लाइनीच्या बाजूने घ्यायला सांगितली. वरच्या आळीपर्यंत प्रत्येक जोडापाशी एक दगड उभा होता. हळदीची पाच बोटं, कुंकवाची पाच बोटं. जमिनीला प्रत्येक ठिकाणी विचारलेलं होतं.