मोहाखाली उघडलेला डॅशबोर्ड

काय सांगू तुम्हाला, आमच्या गोंडपिपरीकडे एप्रिल महिन्यात गाडीचा हीटर चालू राहणं म्हणजे काय, ते भोगल्याशिवाय कळायचं नाही. आधी चहा घ्या. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे माझ्या बहिणीच्या लग्नाचा प्रश्न आहे.

माझा एक छोटा ट्रक आहे. विटा, धान, कोणाच्या घरचं सामान, मिळेल ते भाडं मारतो. गाडी जुनी, पण केबिनला एसी, म्हणून गावात माझी कॉलर जरा ताठ असायची. त्या वर्षी मात्र नॉब कितीही गारकडे फिरवा, तोंडावर गरम वाफच. बाहेर ऊन भाजतंय, आत गाडी भाजतेय. माणसाने जावं कुठे?

त्याचं असं असतं. डॅशबोर्डच्या आत प्लास्टिकची एक पेटी असते आणि त्या पेटीत एक छोटंसं दार. नॉब फिरवला की ते दार सरकतं आणि हवा हीटरवरून न्यायची की नाही ते ठरवतं. माझं दार मोडलं होतं. बरं, मोडायचं तर गारच्या बाजूला तरी मोडावं. ते नेमकं गरमच्या बाजूला पडून राहिलं.

मिस्त्री म्हणाला, "लग्नसराई संपू दे, मंग पायतो." लग्नसराई संपेपर्यंत माझा पापड झाला असता. मग मी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले, चंद्रपूरच्या एका भंगारवाल्याकडून तसंच दिसणारं दार आणलं, आणि स्वतःच डॅशबोर्ड खोलला. कुठे खोलला? अंगणातल्या मोहाच्या झाडाखाली. आमच्याकडे सावली तेवढीच. आणि मोह तर तेव्हा पहाटेपासून टपटप गळत होता.

आई आणि माझी धाकटी बहीण संगीता रोज सकाळी फुलं वेचायच्या. संगीताचं लक्ष गाडीकडे गेलं.

"दादा, काचेखालची जाळी काऊन काढून ठेवली? फुलं आत पडून राह्यली ना."

"तुले गाडीतलं काय समजते? तू भाजीत मीठ पाय."

"मीठ बरोबर आहे. तू जाळी लाव."

बाहेरची हवा आत घेणाऱ्या तोंडावरची ती जाळी मी लावली, पण सगळं काम झाल्यावर. म्हणजे फुलं आत गेल्यावर. ती आत किती गेली हे बघावं असं माझ्या डोक्यातही आलं नाही, कारण डोकं त्या दारात अडकलं होतं. भंगारातल्या दाराची खुंटी जरा बारीक निघाली. बसवली की निसटे, बसवली की निसटे. शेवटी वैतागून तिला तार गुंडाळली आणि डॅशबोर्ड बंद केला. एसी लावला, तर गार! मी घरातल्या एकेकाला केबिनमध्ये बसवून गारवा दाखवला.

आई म्हणाली, "गार तं आहे बाबू, पण कायचा तं वास येते."

"नवीन पार्टचा असते," मी म्हणालो. भंगारातला पार्ट, आणि म्हणे नवीन.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी संगीताला पाहायला पाहुणे आले. पाहुणे म्हणजे मुलाचे मामा. मुलगा वैनगंगेपलीकडचा, गडचिरोली जिल्ह्यातल्या आष्टीच्या बाजूचा. मुलगा-मुलगी आधीच एकमेकांना पसंत. संगीता असं कधी तोंडाने बोलणारी नाही, पण ती त्या दिवशी विनाकारण हसत होती, यावरून घरात सगळ्यांना कळलं होतं. राहिला होता तो फक्त मामाजींचा होकार.

आणि मामाजी कोण? त्यांच्या गावच्या व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष. गडचिरोली जिल्हा दारूबंदीचा, आणि त्यांच्या गावात ती बंदी मामाजींनी स्वतः उभं राहून पाळायला लावलेली. ज्या घरात कोणी पितो त्या घराशी सोयरीक नाही, ही त्यांची पहिली अट. आमच्या घरात कोणी पीत नाही. मी तर सुपारीसुद्धा खात नाही. म्हणजे काळजीचं काही कारणच नव्हतं, नाही का?

जेवण झालं. मामाजी म्हणाले, "पोरगी चांगली आहे. घरी बोलून निरोप देतो." आणि बसस्टँडकडे निघाले. त्यांना जाऊ द्यावं की नाही? पण मला गप्प बसवेल तर ना.

"बसनं काऊन जाता मामाजी? आपल्या गाडीत एसी आहे."

निघालो. गाडी गार, मामाजी खूश. मी दार कसं बसवलं ते त्यांना सविस्तर सांगितलं. तेवढ्यात एका गतिरोधकावर गाडी अशी काही आदळली की आतून टक् असा आवाज आला. तार सुटली. दार पुन्हा गरमच्या बाजूला पडलं, आणि केबिनभर वाफ.

वाफेचं काही नाही हो. पण वास!

आता तुम्हीच हिशोब करा. पेटीत मोहाची फुलं. त्यांच्यावर इतके दिवस एसीचं पाणी ठिबकलेलं. फुलं चांगली आंबून त्यांचा सडवा झालेला. आणि आता त्याच्यावरून हीटरची हवा. आमच्या जंगलात लोक चोरून मोहाच्या दारूची जी भट्टी लावतात, तिच्यात याहून वेगळं काय असतं?

मामाजींचं नाक हललं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"प्रमोदभाऊ, तुमी घेता का?"

"नाई जी! मी सुपारीबी खात नाई."

"मंग हा वास?"

"नवीन पार्टचा आहे जी."

घाबरून मी खिशातली बडीशेप तोंडात टाकली. आता घाईघाईने बडीशेप कोण खातो? मामाजींना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. ते खिडकीकडे सरकून बसले.

वैनगंगेचा पूल ओलांडला तर पुढे दारूबंदीचा नाका. शिपायाने खिडकीत डोकं घातलं आणि लगेच मागे घेतलं.

"माल कुठी आहे?"

"माल नाई सायेब. गाडीच रिकामी आहे."

"रिकामी गाडी अशी महकते?"

त्याने फुंकायचं मशीन माझ्या तोंडाला लावलं. काही निघालं नाही. मला वाटलं, सुटलो. तर त्याने मशीन मामाजींपुढे धरलं.

"तुमी फुका."

मामाजींचा चेहरा पाहवेना. शेजारच्या टपरीवर त्यांच्याच गावचे लोक चहा पीत होते. ज्यांची दारू मामाजींनी सोडवली, त्यातलेही एकदोन होते म्हणे. सगळे उठून बघायला आले. मामाजींनी फुंकलं. त्यांचंही काही निघालं नाही, पण फुंकताना दिसले ना!

शिपाई हट्टाला पेटला. सीट उचलली, मागचा हौदा तपासला. मग म्हणाला, "वास तं पंख्यातून येऊन राह्यला. फुल्ल कर."

मी केला. फट् आवाज झाला आणि डॅशबोर्डच्या जाळीतून ओली, काळपट मोहाची फुलं थेट मामाजींच्या पांढऱ्या सदऱ्यावर. शिपायाने एक उचललं, हुंगलं आणि हसत सुटला.

"जा भाऊ. एवढ्याशा फुलाची केस केली तं सायेब मलेच येडा म्हणतीन."

मामाजींना दारात सोडलं. त्यांनी चहालाही बोलावलं नाही. परतताना खिडक्या उघड्या, हीटर चालू आणि मी स्वतःला शिव्या देतोय.

घरी सांगितलं तेव्हा आईने कपाळाला हात लावला. संगीता भाजी ढवळत राहिली. 'मी म्हटलं होतं' एवढंही म्हणाली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं. तिचं हसणं बंद झालं होतं, आणि ते माझ्यामुळे, हे मला जेवणाच्या ताटावर बसलं की जास्त टोचायचं.

निरोप येईना. शेवटी एकदाचा मामाजींचा फोन आला. आईने स्पीकर लावला.

"बाई, तुमचा पोरगा पीत नाई, हे पोलिसाच्या मशीनवर पाहून झालं. एवढी पक्की चौकशी मी आजवर कोण्या घरची केली नाई. त्याले अक्कल थोडी कमी आहे, पण लग्न त्याच्याशी थोडीच लावाचं आहे? जाळी लाव म्हणून पोरगीनं सांगतलं होतं म्हणे. भाच्यानं सांगतलं मले. बस, तीच पोरगी पायजे आमाले."

म्हणजे संगीताने सगळं मुलाला फोनवर सांगून टाकलं होतं. जाळीसकट.

साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, मुलाकडच्यांनी आमच्याकडच्या सगळ्यांचा शेला देऊन मान केला. माझी पाळी आली तेव्हा मामाजींनी एक जाडजूड घडी माझ्या हातात ठेवली. उघडून पाहिलं तर ताडपत्री. "गाडीवर टाकत जा भाऊ." अख्खा मांडव हसला. संगीता सगळ्यांत जास्त हसली, म्हणून मीही हसलो.

आता ती ताडपत्री कुठे आहे विचारा. आईने मोहाखाली अंथरली आहे, फुलं मातीत पडू नयेत म्हणून. आणि गाडी उघडीच, तिच्याच बाजूला उभी असते. संगीता सासरी गेली, म्हणून यंदा सकाळी फुलं वेचायला आईसोबत मी असतो. आधी ताडपत्रीवरची वेचतो, मग गाडीच्या जाळीवरची.