अम्मीचा तावीज

अबूधाबीच्या एका म्युझियममध्ये हारुन गार्ड आहे. त्याच्या समोरच्या काचपेटीत काशाची इवलीशी मूठ ठेवलीय. सरहद्दीवरच्या कुणा रोमन शिपायाचा तो तावीज. गाईडबाई रोज तेच सांगतात, "नजर लागू नये म्हणून घालायचे. हा कबरीत, त्याच्या गळ्यातच सापडला." शाळेची पोरं हसतात, "देन इट डिडन्ट वर्क!"

हारुनला हसू येत नाही, रागही येत नाही.

त्याचा धाकटा भाऊ अर्सलान गेल्या महिन्यात साईटवर परांचीवरून पडून गेला. हारुन ओळख पटवायला गेला, तेव्हा बाणकोटहून निघताना अम्मीनं बांधलेला तावीज अर्सलानच्या गळ्यात तसाच होता. गाठसुद्धा सैल झाली नव्हती.

फोनवर अम्मीनं आधी तेच विचारलं, "तावीज होता ना रे गळ्यात?"

"नाही अम्मी," हारुन म्हणाला. "आंघोळीला काढला, तो खोलीवरच राहिला."

"तरीच!" अम्मीला जरा धीर आल्यासारखा वाटला. "सतरांदा बजावलं होतं मेल्याला..."

आणि ती थांबली. जन्मभर लाडानं घातलेली शिवी आता नुसती बातमी झाली होती.