डोहातला महाशीर चौकात

माझ्या ऑपरेशनच्या वेळी आई नवस बोलली होती, पोरगी बरी झाली की गिरणेच्या डोहातल्या माशांना कणकेच्या गोळ्या घालीन. भडगावजवळचं एक गाव तिचं माहेर. महादेवाच्या देवळाखालच्या डोहातले महाशीर कोणी धरायचे नाहीत, उलट सोमवारी त्यांना खाऊ घालायचं, ही तिथली रीत. आईचे गुडघे धरलेले, म्हणून गोळ्यांचा डबा घेऊन धुळ्याहून मीच निघाले.

जाणार असाल तर सकाळीच निघा. पारोळ्यापर्यंत गाड्या भरपूर, पुढे भडगावच्या एसटीसाठी ताटकळावं लागतं. बायकांना अर्धं तिकीट, तेवढंच सुख. भडगावला शेवभाजी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाल्ली. तर्री अशी की नाकातून पाणी आलं. पुढे रिक्षा केली.

गावाच्या चौकातच महाशीर भेटला. सिमेंटचा, बैलाएवढा, सोनेरी खवल्यांचा, जबडा वासलेला. खाली पाटी : 'आमच्या नदीचं वैभव. दुर्मिळ महाशीर वाचवा.' भोवतीचं कारंजं कोरडं. मासा मात्र सुरेख केलाय, खोटं कशाला बोलू. हौसेने फोटो काढला आणि घाटाकडे गेले.

घाटाखाली डोह नव्हताच. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, खड्डे आणि बाभळी. देवळाच्या पायरीवर एक म्हातारे आबा बसले होते. त्यांना डोह विचारला.

"वाळू उपसाई गयी, डोह बी गया," आबा म्हणाले. "चौकमाना माशाले बी आठलीच वाळू लागनी."

"मग गोळ्या कुठे टाकू?"

"बठ्ठा लोके त्याना तोंडमाच ठेवतस. तुम्ही बी ठेवा."

इतक्या सहज म्हणाले की माझं डोकंच फिरलं. ज्याचं घर उपसलं, त्याच घरच्या वाळूने त्याचा पुतळा करायचा आणि वर त्यालाच नैवेद्य दाखवायचा. चौकात परत आले. जबड्यात वाळलेल्या गोळ्या आणि खोबऱ्याचे तुकडे होते, कपाळाला कुंकू. माझ्या हातून काही ठेववेना. डबा तसाच घेऊन धुळ्याला परतले.

आईला सगळं सांगितलं, फोटो दाखवला. ती तो मोठा करून जबड्यातले मुंगळे बघत राहिली.

"याना तोंडले मुंगळा लागेल शेतस," म्हणाली. मग फोन माझ्याकडे देत, "मन्हा नवस कोठे फेडू आते?"

तुम्ही त्या बाजूला गेलात तर शेवभाजी जरूर खा; मासा फोटोपुरता बरा आहे. डबा अजून फ्रीजमध्ये आहे. गोळ्यांना बुरशी धरलीय, पण आई टाकू देत नाही.