पळून आलेल्याची आई

आमच्या वरच्या दोन खोल्या त्या रशियन मुलाला द्यायच्या की नाही, यावरून घरात आठवडाभर अबोला होता. मुलगा म्हणते खरी, पण तो एकतीस वर्षांचा होता. उंच, किंचित वाकून चालणारा, केस विरळ होत चाललेले. नगरच्या बाहेर एका संतपुरुषाची समाधी आहे, तिथे देशोदेशीची माणसं येतात आणि महिना-महिना राहतात. त्याच्या एका मैत्रिणीची मावशी तिथे नेमाने यायची. तिच्या ओळखीने तो आधी तिथे आला, मग व्हिसाची सोय व्हावी म्हणून नगरच्याच एका कॉलेजात संगणकाच्या कोर्सला प्रवेश घेतला, आणि जागा शोधत आमच्या दारात येऊन उभा राहिला.

मी भूगोलाची शिक्षिका, तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते. आमचे हे रिसालदार होते, म्हणजे रणगाड्यांच्या दलातले सुभेदार. मूळचे राहात्याजवळच्या खेड्यातले, पण नोकरीची शेवटची बरीच वर्षं नगरच्या लष्करी केंद्रात जवानांना रणगाडा चालवायला शिकवण्यात गेली, म्हणून घर इथेच बांधलं.

मी त्या मुलाला इंग्रजीत विचारलं, देश का सोडलास? त्याने आढेवेढे न घेता सांगितलं. त्याच्या सरकारने शेजारच्या देशावर युद्ध लादलं होतं. मग सक्तीची भरती सुरू झाली. त्याला लढायचं नव्हतं. एक पाठपिशवी घेऊन तो रेल्वेने कझाकस्तानात उतरला आणि तिथून पुढे भारतात.

तो गेल्यावर हे म्हणाले, "भगोडा हाय त्यो. फौजेचं बोलावनं आलं आन् ह्यो पळाला. असल्या मानसाला घरात ठेवायचं?"

"त्यांचं सरकार कसं आहे ते तुम्ही रोज पेपरात वाचता. तिथे युद्धाला युद्ध म्हटलं तरी तुरुंगात घालतात."

"मंग तुरुंगात जायचं. पळायचं न्हाई."

तरीही आठव्या दिवशी मी त्याला किल्ली दिली. घर आम्हा दोघांच्या नावावर आहे आणि त्या मुलाचे बूट फार झिजलेले होते, एवढीच माझी कारणं.

परदेशी माणूस ठेवला की पोलिसांकडे फॉर्म भरावा लागतो. ते काम मात्र यांनी स्वतः केलं, कायद्यात कसूर नको म्हणून. त्याला रिक्षात शेजारी बसवून नेलं आणि जाताना-येताना एक शब्द बोलले नाहीत. पहिले चार-पाच महिने असेच गेले. तो वर, आम्ही खाली. संध्याकाळी तो स्वयंपाकघरात येऊन माझ्याकडून मराठी शिकायचा. भाजी निवडता निवडता मी बोलायची आणि तो वहीत लिहून घ्यायचा. क्रियापदांची रूपं तो माझ्या वर्गातल्या पोरांपेक्षा लवकर शिकला. हे आले की वही मिटून वर जायचा.

मग एके दिवशी त्याचं पार्सल आलं. यांनी ते घेतलं आणि खोक्यावरची एक-दोन रशियन अक्षरं सहज वाचली. जिन्यात उभा असलेला तो थबकला. "काका, तुम्हाला रशियन येतं?"

"न्हाई. टँकच्या बटनांवर अशी अक्षरं असायची. पोरांना शिकवायला पाठ केल्ती."

"कुठला टँक?"

यांनी सांगितलं. तो पायरीवरच बसला. म्हणाला, "मीही तोच चालवला आहे."

एकोणिसाव्या वर्षी त्याने एक वर्ष सक्तीची सेवा केली होती, चालक म्हणून. त्यामुळेच भरतीत त्याचं नाव आधी येणार हे त्याला ठाऊक होतं. त्या दुपारी दोघं व्हरांड्यात तास-दीड तास बसले. यांचे हात हवेत दांडे ओढत होते, त्याचे पाय फरशीवर पेडल दाबत होते. मी चहा ठेवायला गेले तेव्हा हे सांगत होते की तोफेची नळी ठराविक बाजूला थांबली की चालकाच्या डोक्यावरचं झाकण उघडत नाही. तो म्हणाला, "हो. माझ्याबरोबरचा एक जण पुढे फौजेतच राहिला. युद्धाच्या पहिल्याच महिन्यात गेला. तो बाहेर येऊ शकला नाही." त्यानंतर घरात 'भगोडा' हा शब्द पुन्हा निघाला नाही. पण मत बदललं असंही नव्हतं. आम्ही दोघंच असलो की अधूनमधून म्हणायचे, "पोरगा चांगला हाय. पन पळालाच की."

तो आल्याला दोन वर्षं होत आली तेव्हा जानेवारीत त्याची आई महिनाभरासाठी आली. अठ्ठावन्न वर्षांची, ठेंगणी, पांढरे केस कानापर्यंत कापलेले. एका लहान गावातल्या ग्रंथालयात काम करणारी. इंग्रजीचा गंध नाही. नगरच्या हिवाळी उन्हात ती गच्चीवर चटई टाकून अशी बसायची, की जणू ते ऊन बरोबर भरून न्यायचं आहे. आम्हा दोघींचं बोलणं खुणांनी, नाहीतर तिच्या मोबाईलमार्फत चालायचं. ती रशियनमध्ये बोलली की मोबाईल ते मराठीत म्हणून दाखवायचा, सरकारी पत्रासारखं. तिने माझ्या ओट्यावर बिटाचं सार केलं. यांनी त्यात मिरचीचा ठेचा कालवला तेव्हा ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि मग स्वतःच्या वाटीतही घातला.

तिच्या कामाबद्दल मला तिच्या मुलाने सांगितलं. सरकारने कितीतरी लेखकांना देशाचे शत्रू ठरवलं होतं, त्यांची पुस्तकं मांडणीवरून काढायचा हुकूम होता. तिने ती काढली आणि आपल्या टेबलाच्या खणात ठेवली. कुणी येऊन हळूच विचारलं की पिशवीत घालून द्यायची, नोंद करायची नाही. शिवाय युद्धाविरुद्ध बोलल्याबद्दल तुरुंगात पडलेल्या अनोळखी लोकांना दर आठवड्याला दोन पत्रं लिहायची. बागेत काय फुललं, मांजराला पिल्लं झाली का, असं काहीबाही. बाकी काही लिहिलं तर पत्र पोचत नाही.

"मी तिला सांगतोय, परत जाऊ नकोस," तो म्हणाला. "आज ना उद्या कुणीतरी तिची तक्रार करणार. पण ती ऐकत नाही."

ती निघायच्या दोन दिवस आधी, रविवारी, आम्ही चौघं जेवायला बसलो होतो. भाकरी मोडता मोडता त्याने शांतपणे सांगितलं, "मी पण जातोय. माझं तिकीट काढलंय, आईच्याच विमानाचं."

मग तेच आईला रशियनमध्ये सांगितलं. तिने चमचा ताटात ठेवला. दोघांचं जे बोलणं झालं त्यातला एक शब्द मला कळला नाही, पण तिचा आवाज खाली खाली जात होता आणि त्याचा चढत होता. शेवटी हे म्हणाले, "अरं, पन कशाला? तिथं गेल्यावर धरतील तुला."

"धरू देत. ती एकटी तिथे हे सगळं करते आणि मी इथे तुमच्या गच्चीवर कपडे वाळत घालतो." मग तो यांच्याकडे वळला. "काका, मी पहिल्यांदा आलो ना, तेव्हा फाटकापाशी बूट घालत होतो. तुमचा आवाज बाहेर येत होता. मराठी येत नव्हतं, एकच शब्द लक्षात राहिला. पुढे कॉलेजात विचारला, भगोडा म्हणजे काय. त्यांनी सांगितलं."

मी यांच्याकडे पाहिलं नाही. मला पाहवलं नाही.

मग हे म्हणाले, "तुझ्या आईला इचार, तू परत जावंस असं तिला वाटतं का."

त्याने विचारलं. ती बरंच बोलली. त्याने आमच्याकडे वळून इतकंच सांगितलं, "ती नाही म्हणते."

तिला कळलं असावं की सगळं पोचलेलं नाही. तिने पिशवीतून मोबाईल काढला, तोंडाजवळ धरला आणि एकेक वाक्य सावकाश बोलली. मोबाईलचा तो कोरडा बाईचा आवाज आमच्या जेवणाच्या टेबलावर मराठीत बोलू लागला. "माझा मुलगा गेला ते त्याने योग्य केले. त्याला लोकांना मारण्यासाठी पाठवले गेले असते. मला कोणीही पाठवणार नाही, मी म्हातारी आहे. म्हणून मी राहू शकते. तो परत आला तर त्याला तुरुंगात बसू देणार नाहीत. तुरुंगातून आघाडीवर पाठवतील. त्याला माझ्यासमोर लाज वाटते, म्हणून तो परत येत आहे. मला अशी भेट नको आहे."

मुलगा मान खाली घालून बसला होता. यांनी पाण्याचा पेला उचलला, पुन्हा ठेवला. मग त्याच्याशी बोलू लागले, आणि लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली तरी त्या आवाजात यांना बोलताना मी ऐकलं नव्हतं.

"मी लई पोरांना टँक शिकवला. सगळी आपल्या मनानं आल्ती. भरतीच्या रांगेत रात्ररात्र उभी राहून आल्ती. त्यातलं कुनी पळालं तर मी त्याला सोडला नसता. पन तुला वढून नेनार हुते. दुसऱ्याच्या गावात टँक घालायला. ह्यात फरक हाय, ह्ये मला कळायला पायजे हुतं. कळलं न्हाई. तू नगं जाऊ."

त्याने हे आईला भाषांतर करून सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. तो उठून वर गेला.

मंगळवारी सकाळी टॅक्सी आली तेव्हा त्याच्या खांद्यावर त्याची बॅग होतीच. आईने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि पाठ केलेलं एक मराठी वाक्य म्हणाली, "मी खूप चांगली राहिले." टॅक्सी मुंबईच्या रस्त्याला लागली. हे दिवसभर फाटकाजवळच्या जास्वंदीची छाटणी करत राहिले. एवढी छाटणी तिला नको होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो एसटीने परत आला. यांनी पुढे होऊन त्याच्या खांद्यावरची बॅग घेतली. काय झालं ते त्याने जेवण झाल्यावर सांगितलं. विमानतळाच्या दारापाशी आई म्हणाली, तुझा पासपोर्ट दे, फोटो बघू दे. त्याने दिला. तिने तो कोटाच्या आतल्या खिशात घातला, स्वतःचा पासपोर्ट आणि तिकीट दारावरच्या जवानाला दाखवलं आणि आत चालती झाली. पासपोर्टशिवाय त्याला आत सोडेनात. काचेतून त्याला ती दिसत होती. एका बाकावर ती पाठ ताठ करून बसली होती, त्याच्याकडे न बघता. सामान घेणं बंद व्हायची वेळ झाली तशी ती उठली, आपली बॅग देऊन आली, आणि मग दाराशी येऊन जवानाच्या हाती त्याचा पासपोर्ट ठेवला. जवानाने तो बाहेर आणून दिला आणि विचारलं, "माँ है क्या?"

"मी हो म्हटलं," तो म्हणाला. आणि मग पहिल्यांदा आमच्यासमोर रडला.

त्या दिवसांत मी स्वतःबद्दल बराच विचार केला. त्याची बाजू घेऊन मी यांच्याशी भांडले होते, पण त्यात माझं काही पणाला लागलं नव्हतं. नोकरीत एकदा माझी देवळाली प्रवऱ्याच्या शाळेत बदली झाली होती, तर ती रद्द व्हावी म्हणून मी अर्ज-विनंत्या करत फिरले होते. तासाभराच्या अंतरावरचं गाव. मला देश सोडायचा धीर झाला नसता, आणि देशात राहून खणात ती पुस्तकं ठेवायचाही झाला नसता. मी बहुधा गप्प बसणाऱ्यांतली झाले असते. त्या बाईच्या ग्रंथालयात कधी गेले असते तर पाकक्रियेचं पुस्तक घेऊन परत आले असते.

तिची तक्रार झालीच. उन्हाळ्यात तिच्या शेजारच्या घरातल्या बाईने पोलिसांना कळवलं की ही लष्कराविरुद्ध बोलते. त्या बाईचा थोरला मुलगा आघाडीवर होता. दंड झाला, ग्रंथालयातली नोकरी गेली. तुरुंग टळला. आता ती घरी शिवणकाम करते. मुलाचा कोर्स संपला, व्हिसाही संपला. तो सर्बियात गेला आणि तिथे काम धरलं. सुट्टीच्या दिवशी तो आणि आणखी काही जण अशा पोरांना मदत करतात ज्यांना भरती व्हायचं नाही. कुठली सीमा उघडी आहे, कुठले कागद लागतात, उतरल्यावर कुठे जायचं, ते सांगतात. यांना तो दर पंधरा दिवसांनी फोन करतो. माझ्याशी दोन मिनिटं बोलतो, यांच्याशी वीस.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला तेव्हा हे अंगणात बसले होते. त्याने सांगितलं की तक्रार करणाऱ्या त्या बाईचा थोरला मुलगा आघाडीवर मारला गेला. आता धाकट्याला बोलावणं येईल अशी भीती आहे. ती बाई एके सकाळी याच्या आईच्या दारात आली. माफी वगैरे मागितली नाही. दारातच उभं राहून विचारलं, तुझा मुलगा कुठल्या वाटेने गेला? आईने तिला आत घेतलं, चहा दिला आणि त्याचा नंबर एका कागदावर लिहून दिला.

"त्या मुलाचा काल मेसेज आला," तो म्हणाला. "मी अजून उत्तर दिलं नाही. काका, तिच्यामुळे माझ्या आईची नोकरी गेली."

मोबाईलचा स्पीकर चालू होता, मला सगळं ऐकू येत होतं. यांनी विचारलं, "तक्रार त्या पोरानं केल्ती का?"

"नाही."

"मंग बस झालं. फोन ठेव आन् त्याला आधी लिव्ह. कागद मिळायला वेळ लागतो."

त्याने लगेच फोन ठेवला. तो धाकटा मुलगा आता कुठे पोचला, हे आम्हाला अजून कळलेलं नाही. हे मला दोनदा म्हणाले, पुढच्या वेळी आठवणीने विचार.